कालच मुरगळलाय

आमच्या घरात कुणी कुठं दुखतंय म्हणालं, की आधी त्याच्याकडं संशयानं बघितलं जाई. औषधाचं नंतर. आबा, म्हणजे माझे वडील, याबाबतीत कुणालाच सोडत नसत. म्हशीनं पेंडीला तोंड लावलं नाही, तर तिच्याभोवती चक्कर मारून, कान चाचपून, डोळ्यांत बघून ते म्हणत, "नाटकं करती. वैरण बदलून पायजे तिला." खुरपायला आलेल्या एखाद्या बाईनं कंबर धरली, की आबा बांधावर उभे राहून तिच्याकडं असे बघत की ती बिचारी पुन्हा वाकून कामाला लागे. आईचं डोकं दुखायचं ते हौसाआत्या येणार असली की, हे त्यांनीच एकदा जेवताना बोलून दाखवलं होतं. आईनं त्यावर त्यांच्या ताटात आमटी वाढली होती, जरा जास्तच. माझ्या पोटदुखीचं गणिताच्या परीक्षेशी काय नातं आहे, हेही त्यांना माझ्याआधी कळलं होतं. त्यामुळं आजारी पडायचं तर पुराव्यासकट पडावं लागे. ताप असला तर बरं असे, कारण तो हाताला लागतो.

बारामतीहून इंदापूरला जाताना काटेवाडी मागं टाकली, की थोड्या अंतरावर कालव्याच्या फाट्याच्या कडेनं एक गाडीवाट आत जाते. त्या वाटेवर आमची वस्ती होती. तीन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी, पडवीसमोर गोठा आणि गोठ्यामागं ऊस. आजोबांपर्यंत आमच्या घराचं सगळं मेंढरांवर होतं. आबाही तरणे असेपर्यंत कळपामागं मुलूखभर हिंडलेले. पुढं पाणी आलं, ऊस आला, दुधाची डेअरी आली आणि मेंढरं गेली. आमच्या घराचा दिवस दुधाच्या कॅनच्या आवाजानं सुरू होई आणि त्याच आवाजानं संपे. मधल्या वेळात विहिरीवरच्या मोटरीची घरघर असे, गोठ्यातल्या साखळ्या वाजत, आणि कारखाना सुरू झाला की रस्त्यावरून उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी ऐकू येत. दोन ट्रॉल्या ओढत तो ट्रॅक्टर चढावर आला की गाणंसुद्धा दमल्यासारखं वाटे.

मी बारावी झाले होते आणि मला बारामतीच्या कॉलेजात पुढं शिकायचं होतं. हौसाआत्या, म्हणजे आबांची थोरली बहीण, इंदापूरकडं दिलेली होती. तिनं तिकडचंच एक स्थळ आणलं. मुलगा बापाचा एकुलता एक, बागायती जमीन, दारात जीप. मी एकदाच, रात्रीच्या जेवणाला बसल्यावर, म्हणाले, "आबा, मला एवढ्यात लग्न न्हाय करायचं." आबांनी भाकरी मोडली, चटणी लावली, घास खाल्ला आणि दुसरी भाकरी मागितली. मला वाटलं त्यांनी ऐकलंच नाही. पण आबांनी काही ऐकलं नाही असं कधी होत नसे. त्यांनी ते वाक्य जपून ठेवलं होतं, हे पुढं कळलं.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मी घास कापायला गेले होते. म्हशींना रोज लागणारा तो हिरवा घास. भारा डोक्यावर घेतला की पायाखालचं दिसत नाही, पण बांधावरून सरीत उतरायची ती जागा माझ्या पायांना पाठ होती. त्या दिवशी कुठल्याशा ढेकळावर डावा पाय पडला आणि आतल्या बाजूला दुमडला. काहीतरी कट् असं वाजलं. भारा एकीकडं, मी एकीकडं. आधी मला हसूच आलं, कारण आजूबाजूला कुणी नव्हतं. मग उठायला गेले तर घोट्याच्या बाहेरच्या बाजूनं अशी कळ आली की डोळ्यांपुढं घास पिवळा झाला. भारा तिथंच टाकून मी बांध धरत धरत घरी आले.

हौसाआत्या सकाळीच येऊन बसली होती. तिनं माझा पाय बघितला आणि कपाळाला हात लावला. "उंद्या पाव्हणं यायचं आन् आज ही बया पाय मोडून आली." मोडलेला नाही, मुरगळलाय, असं मी म्हणाले. ते तिनं ऐकलं नाही. तिनं तव्यावर मीठ भाजून फडक्यात बांधलं आणि चटका बसेल इतकं गरम शेकलं. मग खोबरेल तेल कोमट करून पाय मांडीवर घेतला आणि दोन्ही अंगठ्यांनी घोट्याभोवती चोळायला सुरुवात केली. मी पाय ओढून घ्यायची, ती परत ओढायची. "रग जिरली पायजे," ती म्हणत होती. "शीर चढली आसंल तर उतरंल." वरून आंबेहळद आणि तुरटी उगाळून लेप दिला. चोळण्याआधी पायाला घोटा दिसत होता. चोळल्यावर तो दिसेनासा झाला.

आबा गोठ्यातून आले. दारात उभे राहून त्यांनी पायाकडं बघितलं, मग माझ्या तोंडाकडं.

"कुठं पडलीस?"

"सरीत उतरताना. बांधापाशी."

"कुठल्या बांधापाशी?"

मी सांगितलं. ते तसेच बाहेर पडले. उजेड होता तोवर ते शेतात जाऊन ती जागा बघून आले. येताना मी टाकलेला घासाचा भाराही घेऊन आले. तो म्हशींपुढं टाकून हात झटकत आईला म्हणाले, "तितं तर काय निसरडं न्हाय."

आई चुलीपुढं होती. ती म्हणाली, "निसरडं आसाया कशाला पायजे. ढेकूळ पुरतं."

"रोजची वाट हाय तिची," आबा म्हणाले. एवढंच. पण मी आतल्या खोलीत पडल्या पडल्या ते ऐकलं आणि मला जेवण गेलं नाही.

आमच्याकडं फोन नव्हता, त्यामुळं पाहुण्यांना नका येऊ म्हणून निरोप देण्याचा प्रश्नच नव्हता. ते आले. मुलाचे वडील सोपानराव, मुलगा आणि त्यांचा एक भावकीतला माणूस. सोपानराव उंच, सावकाश बोलणारे, पांढरी टोपी जरा मागं ढकललेली. मुलगा बरा होता. खरंच बरा होता. हातातल्या घड्याळाशी चाळा करत खाली मान घालून बसला होता, माझ्याहून जास्त लाजत. मी पोह्यांचं ताट घेऊन पडवीत आले. दारापासून सतरंजीपर्यंत फार तर पाच-सहा पावलं असतील. आत्यानं आतून बजावलं होतं, "टेकवून चाल, दुखलं तरी." मी टेकवून चालले. पण मुरगळलेला पाय टेकवून चालताना माणूस न लंगडता चालूच शकत नाही, हे आत्याला माहीत नसावं. त्या कळीनं माझ्या हातातलं ताट हललं आणि एका बशीतले पोहे दुसऱ्या बशीत गेले.

सोपानरावांनी बशी घेतली नाही. ते माझ्या पायांकडं बघत होते. साडीच्या काठाखाली हळदीच्या लेपाचा पिवळा डाग दिसत होता.

"पाय कसा पोरीचा?"

"कालच मुरगळलाय," आबा म्हणाले.

"कालच?"

"व्हय. घास आणताना."

"आस्सं," सोपानराव म्हणाले. मग बशी घेतली. दोन घास खाऊन, पोह्यांतला शेंगदाणा चावत त्यांनी आईला विचारलं, "लहानपणी काय ताप-बिप आला हुता का पोरीला? पोलिओचा वगैरे?"

आई म्हणाली, "न्हाय वो. चांगली पळती ती."

"पळती," सोपानराव म्हणाले, आणि आपल्या भावकीतल्या माणसाकडं बघून मान हलवली. चहा झाला. "कळवतो" म्हणून ते गेले. जीप गाडीवाटेनं बाहेर पडेपर्यंत आबा पडवीतच उभे होते. त्यांचे कान लाल झाले होते. मला त्यांचा राग दिसत होता, पण तो कुणावर आहे ते समजत नव्हतं.

पुढचे दिवस वाईट गेले. डेअरीत दूध मोजणाऱ्या माणसानं आबांना सांगितलं की कुणी एकजण येऊन चौकशी करून गेला, आबांची पोरगी लहानपणापासूनच अधू आहे का म्हणून. शाळेतल्या बाईंनाही कुणी विचारलं म्हणे. गावातल्या बायका विहिरीवर माझ्या आईशी बोलता बोलता एकदम पायावर येत. जन्मापासून मला हिंडता-फिरताना बघितलेल्या माणसांना आता नीट आठवेनासं झालं होतं. "डाव्या पायानं जरा फताडंच चालायची न्हवं का?" असं एक आजीबाई आईलाच म्हणाल्या. आई घरी येऊन हंडा आपटून म्हणाली, "त्यांच्या डोळ्यांत वडस वाढलंय, आन् पाय माझ्या पोरीचा बघत्यात."

आबा काही म्हणत नसत. पण मी पडवीतून आत जाताना त्यांची नजर माझ्या पायावर असे. कधी मला वाटे, मी जास्त लंगडते असं त्यांना वाटतंय. म्हणून मी दुखत असतानाही सरळ चालायचा प्रयत्न करी. मग वाटे, सरळ चालले तर त्यांना वाटेल की काही झालंच नव्हतं. स्वतःच्याच घरात कसं चालावं, हे मला कळेनासं झालं. शेवटी त्यांनी विचारलंच. म्हशीची धार काढता काढता, माझ्याकडं पाठ करून.

"शालन, त्यादिशी तूच तर न्हाय ना पाय मुरगळून घेतलास? लगीन नको म्हणत हुतीस म्हणून इचारतो."

मी म्हणाले, "आबा, आपला आपण पाय मुरगळून घेता येतो का?"

"कुणाला काय येतं ते सांगता येत न्हाय," आबा म्हणाले. धारेचा आवाज चालूच राहिला. मी आत जाऊन आंबेहळदीचा सगळा लेप धुऊन टाकला.

आता शाळेत शिकवण्यात इतकी वर्षं काढून मी निवृत्त होऊन घरी बसले आहे. माझ्या वर्गात मैदानावरून लंगडत येणारं पोर काही थोडं नव्हतं. कुणाला खरंच लागलेलं असे, कुणाला पाढे म्हणायचे नसत. पण मी कधी एकालाही "खरंच का?" असं विचारलं नाही. विचारावंसं वाटलं की ती धारेची सरसर कानांत येई.

आबांच्या त्या प्रश्नानंतर दोन-चार दिवसांनी सूज पोटरीपर्यंत चढली तेव्हा आई कुणाला न विचारता मला एसटीत घालून बारामतीला घेऊन गेली. तिथं एक डॉक्टरीणबाई होत्या, तरुण, केस मागं घट्ट बांधलेल्या. आईला आधी त्यांच्या वयाचाच संशय आला. त्यांनी पायाचा एक्स-रे फोटो काढायला लावला. हाड ठीक होतं. घोट्याला धरून ठेवणारे दोरे असतात, ते ताणले गेलेत, असं त्यांनी सांगितलं. मग विचारलं, "शेकलं का?" आईनं हो म्हटलं. "चोळलं?" आई म्हणाली, "माझ्या नणंदेनं चोळलं." डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आता नका चोळू. आतून रक्त झिरपतं, चोळलं की जास्त झिरपतं. सुरुवातीला गारच पाहिजे. पाय उंच ठेवायचा आणि हा पट्टा बांधायचा." त्यांनी इलॅस्टिकचा पट्टा बोटांपासून वर कसा गुंडाळायचा ते मला करून दाखवलं, आणि मग माझ्याकडून दोनदा बांधून घेतला. कळ कमी झाली की पाय हलवायचा, नुसता पडून राहायचं नाही, हेही बजावलं. हलवायचा कसा, तर हवेत अंगठ्यानं अक्षरं काढायची. सगळी बाराखडी.

एसटीत आई म्हणाली, "बाई चांगली हाय, पण गोळ्या दिल्या न्हायत. एकबी सुई दिली न्हाय. शिकाऊ तर न्हवं?"

घरी नवाच पेच आला. पाय उंच ठेवायला म्हणून मी जुनं घोंगडं गुंडाळून त्यावर पाय ठेवला, तर पाय नेमके देव्हाऱ्याकडं झाले. आईनं मला फिरवलं तर ते दक्षिणेला झाले. तेही चालेना. शेवटी कणगीच्या आडोशाला तिरकी पथारी घालून दिली. तिथून मला देवही दिसत नव्हते आणि बाहेरचं कुणीही. माठातल्या पाण्यात भिजवलेलं फडकं मी घोट्यावर ठेवी, गरम झालं की परत भिजवी. आई हुलग्याचं माडगं करून देई, लसणाची फोडणी घालून, आणि पाय गारेगार तर पोट तरी गरम बरं, असं तिचं म्हणणं होतं. घोट्याखाली काळंनिळं झालं होतं. ते दिवसागणिक खाली सरकत बोटांच्या मुळाशी गेलं. मला ते बघायची गंमत वाटू लागली. निळ्याचं जांभळं, जांभळ्याचं हिरवट.

मग एका दुपारी मी पडल्या पडल्या अंगठ्यानं हवेत अक्षरं काढत होते. 'क' सोपा होता, 'झ' काढताना घोट्यातून कळ निघे. मध्येच लक्षात आलं की आबा दारात उभे आहेत. किती वेळ, कुणास ठाऊक. आबा चौथीपर्यंत शिकलेले. डोळे बारीक करून ते माझ्या अंगठ्याकडं बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते.

"काय लिहितीस?" त्यांनी विचारलं.

"बाराखडी. डाक्टरीणबाईनं सांगितलंय."

"पायानं?"

"व्हय."

"मगाशी 'स' काढलास. 'स'च्या पुढं काय हुतं?"

मला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि कानशिलं तापली. मी कुणाचं तरी नाव लिहिते आहे की काय, हे ते वाचू बघत होते. मी पुन्हा पहिल्यापासून, सावकाश, मोठ्यानं म्हणत सगळी अक्षरं काढली. ते 'ज्ञ'पर्यंत थांबले. मग म्हणाले, "ळ राहिला," आणि गेले.

पाय सुधारत गेला. भिंत धरून टाचा वर करायच्या, मग न धरता. दात घासताना एका पायावर उभं राहायचं. एके दिवशी मी बादली घेऊन गोठ्यापर्यंत गेले आणि परत आल्यावर लक्षात आलं की चालताना मी पायाचा विचारच केला नव्हता. त्या आनंदात मी आईला हाक मारली. ती बाहेर आली आणि तिनं माझ्याऐवजी रस्त्याकडं बघितलं. गाडीवाटेच्या तोंडाशी, बाभळीखाली, एक जीप उभी होती. तिचं इंजिन बंद होतं. ती कधीपासून उभी होती, आम्हाला कळलं नव्हतं.

सोपानराव, मुलगा आणि पुढच्या सीटवर आमची हौसाआत्या. कुणी निरोप दिला नव्हता. पडवीत सतरंजी पडली, सोपानरावांना खुर्ची दिली, आबांना शेतातून बोलावलं. मी आत जाऊन चहा ठेवला. दार उघडंच होतं, सगळं ऐकू येत होतं.

"पाय बरा झाला म्हणायचा पोरीचा," सोपानराव म्हणाले.

"झाला की," आबा म्हणाले. "म्हणलं हुतं न्हवं, मुरगळला हुता म्हणून."

"लवकर झाला." सोपानराव थांबले. "मी आत्ता बघितलं बाभळीखालनं. बादली घिऊन सरळ चालत गेली. म्हंजे लंगडी न्हाय पोरगी. त्ये मिटलं." पुन्हा थांबले. "पण पाव्हणं, मग दुसराच इचार येतो. एवढी सरळ चालणारी पोरगी आमी आलो त्याचदिशी कशी लंगडती? तिच्या मनात दुसरं काय हाय का? आमाला उद्या तोंडघशी पडायचं न्हाय."

आबांनी लगेच उत्तर द्यायला हवं होतं. ते गप्प राहिले. मी चहाच्या पातेल्यावर हात धरून उभी होते. लंगडले तर अधू, नाही लंगडले तर लबाड. आणि आबा, ज्यांनी स्वतःच्या हातानं तो भारा उचलून आणला होता, ते गप्प. मग ते म्हणाले, "शालन, भाईर ये."

मी गेले. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "पाय दाखव पाव्हण्यांना."

मुलगा हळूच म्हणाला, "बाबा, राहू द्या की." सोपानरावांनी नुसता हात वर केला आणि तो पुन्हा घड्याळाकडं बघू लागला. त्याच्या तोंडून मी ऐकलेलं तेवढंच एक वाक्य.

सोपानराव खुर्चीवर बसले होते. त्यांच्यापुढं चहासाठी ठेवलेलं लाकडी स्टूल होतं. मी त्यावर डावा पाय ठेवला. वडीलधाऱ्या माणसासमोर, त्याच्या अगदी गुडघ्यांपुढं, चहाच्या स्टुलावर. आत्यानं "अगं" एवढंच म्हटलं. साडीचा काठ मी बोटभर वर धरला. घोट्याखालून बोटांच्या मुळांपर्यंत पिवळी-हिरवी झाक अजून होती, आणि घोट्याच्या बाहेरच्या अंगाला जराशी सूज. सोपानराव पुढं वाकले. त्यांनी हात लावला नाही, पण एका बाजूनं बघितलं, मग मान कलती करून दुसऱ्या बाजूनं.

"खरं हाय," ते म्हणाले आणि मागं टेकले. "जुनं रगत हाय. मुरगळलाच हुता." त्यांचा चेहरा मोकळा झाला. "मग आता पुढचं बोलाया हरकत न्हाय. हौसाबाई, साखर आणा."

आत्या उठली. मी पाय खाली घेतला, साडी नीट केली आणि म्हणाले, "आबा, मला हितं न्हाय द्यायचं."

माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. आत्या जागीच थांबली. सोपानरावांनी मलाच विचारलं, "का? आता काय झालं?"

"आज पाय दाखवला," मी म्हणाले. "तुमच्या घरात मला रोज कायतरी दाखवाया लागंल."

ते उठले. टोपी नीट केली. आबांना म्हणाले, "पाव्हणं, आमी उगा पाय बघत बसलो. जीभ बघाया पायजे हुती." जीप गेली. तिच्यात आत्याही गेली, न जेवता. पुढं कितीतरी सणांना ती आमच्याकडं आली नाही.

आबा माझ्याशी बोलेनासे झाले. चिडून नव्हे. विचारात असल्यासारखे. जेवायला बसले की माझ्याकडं बघत आणि मी बघितलं की ताटात बघत. माझी खात्री होती की त्यांचा संशय आता पक्का झाला आहे. लग्न नको होतं, ते मी शेवटी मोडलंच. डेअरीवर मात्र कुणी खवचटपणे विचारल्यावर ते "आमालाच स्थळ पटलं न्हाय" असं म्हणाले, हे आईनं ऐकून आणलं. ते घराची लाज राखायला, असं मी धरून चालले.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा दाखवायला बोलावलं होतं. आई निघाली तर आबा म्हणाले, "मी जातो संगं." एसटीत ते माझ्यापुढच्या बाकावर बसले. दवाखान्यात बाईंनी मला एका पायावर उभं केलं, घोटा फिरवून बघितला, छान म्हणाल्या. आबा कोपऱ्यात टोपी हातात धरून उभे होते.

"बाई, एक इचारतो, राग मानू नका," ते म्हणाले. "हिचा पाय खरंच मुरगळला हुता का?"

डॉक्टरीणबाईंनी आधी माझ्याकडं बघितलं. "मी स्वतः तपासलाय. अशी सूज सोंग करून येत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही वडील ना हिचे?"

"व्हय," आबा म्हणाले आणि टोपी घातली.

बारामतीच्या स्टँडवर इंदापूरची गाडी लागली नव्हती. आम्ही बाकावर बसलो. मी म्हणाले, "डाक्टरचं पटलं. माझं न्हाय पटलं."

आबा बोलले ते माझ्याशी नव्हे, समोरच्या गाड्यांशीच बोलल्यासारखे.

"मेंढरं हुती तवाची गोष्ट हाय. बाजारात लंगडं मेंढरू काढायचं, तर गिऱ्हाइकाला काय सांगायचं? कालच काटा लागलाय. कालच मुरगळलाय. दोन दिसांत पळाया लागंल. आमचा म्हातारा सांगायचा, मीबी सांगायचो. लय जणांना सांगितलंय." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "त्यादिशी सोपानरावाला म्हणलो ना, कालच मुरगळलाय. त्ये माझ्या तोंडातनं निघालं आन् माझं मलाच खोटं वाटलं. त्येचीबी मेंढरंच हुती. त्येनं बी ऐकलं आसंल त्ये. तवाधरनं तुझ्याकडं बघितलं की त्यो बाजारच दिसायचा मला. तुझा पाय दिसतच न्हवता."

मी डावा पाय बाकाखाली ओढून घेतला.

"आन् डाक्टरीण म्हणली म्हणून पटलं, आसं न्हाय," ते म्हणाले. "पटलं त्ये तू इष्टुलावर पाय ठिवलास तवाच. लगीन टाळायचंच असतं तर तू पाय दाखवलाच नसता. गप बसली असतीस, आपोआप मोडत हुतं की. तू आदी खरं करून दाखवलंस आन् मग न्हाय म्हणलीस."

"मग आत्ता बाईंना कशाला इचारलं?"

आबांनी गुडघ्यावरची टोपी झटकली. "आलोच हुतो," ते म्हणाले, "म्हणलं इचारून तर घ्यावं."

इंदापूरची गाडी लागली. गर्दी उठली. आबा उठून पुढं गेले, खिडकीतून टोपी टाकून जागा धरली आणि दाराशी उभे राहून मला आधी चढू दिलं. गाडी सुटल्यावर ते म्हणाले, "त्या कॉलेजचं काय म्हणत हुतीस? तितं कवा जायाला लागतं?"

मी सांगितलं. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.